शकांची कैफियत

शक हा शब्द आपल्या घरांत रोजच्या वापरांतला आहे. पंचांगाच्या पहिल्या पानावर, लग्नपत्रिकेवर, पूजेच्या संकल्पांत आणि जुन्या कागदपत्रांत आपण 'शके अमुक' असें वाचतों. १९५७ सालीं भारत सरकारनें राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली तेव्हां तिच्यासाठींहि हाच शक पसंत केला. शककर्ता म्हणजे नवी कालगणना सुरू करणारा पराक्रमी पुरुष, हा अर्थ आपल्या भाषेंत इतका रुळला आहे कीं, शक हें मुळांत एका लोकसमूहाचें नांव होतें आणि तो समूह फार दूरच्या प्रदेशांतून आला होता, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. हे शक कोण, कोठले, आणि त्यांच्याविषयीं आपणांस जें कळतें तें कोणाच्या तोंडून कळतें, एवढाच विषय आज मी श्रोत्यांपुढें मांडणार आहें.

यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. मराठी इतिहासाच्या अभ्यासकांस कैफियत हा प्रकार चांगला परिचित आहे. एखादें घराणें किंवा एखादा गांव आपली हकीकत आपल्या शब्दांत लिहून सरकारांत दाखल करी, ती कैफियत. ती पक्षपाती असते. पण तींत निदान त्या पक्षाची बाजू असते. युरोप आणि आशिया यांच्या गवताळ मैदानांत शतकानुशतकें संचार करणाऱ्या या लोकांनीं आपल्या मायभूमींत अशी कैफियत लिहून ठेवली नाहीं. त्यांचा इतिहास लिहिला तो ग्रीकांनीं, असुरियाच्या लेखकांनीं, इराणच्या बादशहांनीं आणि चिनी दरबाराच्या इतिहासकारांनीं. म्हणजे ज्यांनीं त्यांच्या घोड्यांच्या टापा ऐकून वेशीचे दरवाजे लावून घेतले, अशांनीं. फिर्यादीचा अर्ज दप्तरांत आहे आणि प्रतिवादीचा जबाब मात्र नाहीं, असा हा खटला आहे. अशा खटल्यांत न्याय कसा करावयाचा?

प्रथम नांवांचा उलगडा करूं. ग्रीक लोक यांना 'स्कुथाइ' म्हणत. त्यावरूनच आजचें सिथियन हें नांव आलें. इ. स. पूर्व ७ व्या शतकांतील असुरियाच्या लेखांत त्यांना 'इश्कुझाइ' म्हटलें आहे. इराणी लोक उत्तरेकडील या साऱ्या भटक्या टोळ्यांना 'सका' म्हणत, आणि तोच शब्द आपल्याकडे 'शक' झाला. इराणांत बेहिस्तून येथील उंच कड्यावर सम्राट दरायस यानें आपल्या विजयांचें शिल्प कोरविलें आहे. त्यांत बंदिवानांच्या रांगेच्या शेवटीं उंच टोंकदार टोपी घातलेला एक पुरुष उभा आहे. तो शकांचा नायक स्कुन्खा. त्याच्या टोळीवरील स्वारी इ. स. पूर्व ५१९ च्या सुमाराची. या लोकांची भाषा इराणी कुळांतली, म्हणजे आपल्या संस्कृताची चुलत बहीण. कॉकेशस पर्वतांतील ओसेटी लोक आजहि त्याच शाखेंतली एक भाषा बोलतात.

परंतु हें एकच एक राष्ट्र नव्हतें. काळ्या समुद्राच्या कांठापासून अल्ताई पर्वतापर्यंत अनेक टोळ्या होत्या. त्यांचे राजे वेगळे होते आणि चेहरेपट्टीहि एक नव्हती. त्यांच्यांत समान होत्या त्या मुख्यतः तीन गोष्टी: शस्त्रें, घोड्याचा साज, आणि पशुपक्ष्यांच्या आकृतींनीं भरलेली एक विलक्षण कला. ज्या टोळ्यांत या तीन गोष्टी सांपडतात त्यांना अभ्यासक एका मालिकेंत गोंवतात.

आतां त्यांची भूमि पाहूं. डॅन्यूब नदीच्या मुखापासून मांचुरियापर्यंत सुमारें आठ हजार किलोमीटर लांबीचा गवताचा पट्टा पसरलेला आहे. याला स्टेप म्हणतात. तेथें झाड विरळा, पाऊस थोडा, उन्हाळा कडक आणि हिंवाळा जीवघेणा. नद्यांचे कांठ सोडले तर जुन्या काळच्या नांगराला तेथें वाव नव्हता. गवत भरपूर होतें. पण माणूस गवत खाऊन जगत नाहीं. म्हणून गवत खाणारीं जनावरें पाळावयाचीं, त्यांचें दूध, मांस, लोकर आणि कातडें यांवर निर्वाह करावयाचा, आणि चारा संपला कीं पुढें निघावयाचें, हीच तेथील शेती होती. या व्यवस्थेंत घोड्याचें स्थान पहिलें. बर्फ पडलें म्हणजे घोडा खुरांनीं तें उकरून खालचें गवत काढतो, आणि त्याच्या मागून मेंढरें चरतात. आजच्या पाळीव घोड्यांचा वंश व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या खालच्या भागांत उदय पावून इ. स. पूर्व २००० च्या सुमारास सर्वत्र पसरूं लागला, असें अलीकडील संशोधनानें दाखविलें आहे. प्रथम घोडा रथाला जुंपला गेला. धांवत्या घोड्यावरून बाण मारणाऱ्या स्वारांचीं सैन्यें दिसूं लागलीं तीं त्यानंतर सुमारें हजार वर्षांनीं.

भटकणें म्हणजे दिशाहीन हिंडणें, अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. दिवाळीनंतर मेंढरें घेऊन घाट उतरणारा आणि पावसाळ्याच्या तोंडीं परत फिरणारा धनगर कोठें जावयाचें हें नेमकें जाणतो. स्टेपवरील टोळ्यांचेहि उन्हाळी आणि हिंवाळी मुक्काम ठरलेले असत. घर म्हणजे बैलगाडीवर उभारलेला नमद्याचा, अर्थात् आपल्या बुरणुसासारख्या दाबलेल्या लोकरीच्या कापडाचा तंबू. घोडीचें दूध आंबवून केलेलें कुमिस हें पेय. लांकूड, शिंग आणि स्नायू एकत्र चिकटवून केलेलें आंखूड धनुष्य हें शस्त्र. तें घोड्यावर बसून चालवितां येत असे. ही राहणी साधी होती, पण सोपी नव्हती. तिच्यांत जनावरांचें, ऋतूंचें आणि भूमीचें पिढ्यान् पिढ्या सांठविलेलें ज्ञान होतें.

या लोकांविषयींचा पहिला मोठा साक्षीदार म्हणजे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस. इ. स. पूर्व ५ व्या शतकांत त्यानें आपल्या ग्रंथाचा चौथा भाग लिहिला, त्यांत शकांना फार मोठी जागा दिली आहे. काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर ग्रीक व्यापाऱ्यांच्या वसाहती होत्या. तेथील धान्य ग्रीसला जाई, आणि ग्रीसचें मद्य व सोनारकाम शकांच्या तंबूंत येई. या वसाहतींतून हिरोडोटसला बहुतेक माहिती मिळाली.

त्यानें सांगितलेली दरायसच्या स्वारीची हकीकत प्रसिद्ध आहे. इ. स. पूर्व ५१३ च्या सुमारास या सम्राटानें बॉस्फोरसवर होड्यांचा पूल बांधला, डॅन्यूबवर दुसरा बांधला आणि प्रचंड सेना घेऊन तो शकांच्या देशांत शिरला. शकांनीं समोरासमोर लढाई दिलीच नाहीं. एक दिवसाच्या अंतरावर राहून ते मागें सरत राहिले, आणि जातां जातां गवत जाळीत व विहिरी बुजवीत गेले. मराठी श्रोत्यांस गनिमी काव्याची ओळख करून द्यावयास नको. दरायसनें चिडून निरोप पाठविला कीं, लढ तरी, नाहींतर शरण ये. त्यावर शकराजा इदान्थिर्सस यानें उत्तर दिलें, त्याचा आशय असा: आम्ही पळत नाहीं, शांततेच्या काळींहि आम्ही असेच फिरत असतों. आमचीं शहरें नाहींत, लावलेलीं शेतें नाहींत, तेव्हां त्यांच्या रक्षणासाठीं घाईनें लढण्याचें आम्हांस कारण नाहीं. आमच्या वाडवडिलांचीं थडगीं मात्र आहेत. तीं शोधून काढा, त्यांना हात लावा, म्हणजे आम्ही लढतों कीं नाहीं तें दिसेल.

त्यापुढें शकांनीं दरायसला नजराणा पाठविला: एक पक्षी, एक उंदीर, एक बेडूक आणि पांच बाण. ही शरणागतीच आहे, असें सम्राटाला वाटलें. त्याचा सरदार गोब्रियास यानें निराळा अर्थ लावला. पक्षी होऊन उडाल, उंदीर होऊन जमिनींत शिराल किंवा बेडूक होऊन पाण्यांत उडी घ्याल तरच वांचाल, नाहींतर हे बाण आहेतच, असा तो अर्थ. अखेर दोन्ही सैन्यें समोर उभीं असतां मधून एक ससा पळाला, आणि शक स्वार युद्ध विसरून त्या सशामागें लागले. आपली एवढी सेना या लोकांच्या खिजगणतींतहि नाहीं हें पाहून दरायस माघारीं फिरला. यांतला तपशील कांहींसा कथेच्या थाटाचा असेल; परंतु ज्याच्याजवळ जिंकून घेण्यासारखें कांहीं नाहीं त्याला जिंकावयाचें कसें, हा त्यांतला प्रश्न अगदीं खरा आहे. थडग्यांचा उल्लेखहि ध्यानांत ठेवावा. आपल्या खटल्यांतील दुसरा साक्षीदार तेथूनच पुढें येणार आहे.

याच हिरोडोटसनें शकांविषयीं अंगावर कांटा आणणाऱ्या गोष्टीहि लिहिल्या आहेत. ते शत्रूच्या डोक्याची कातडी सोलून लगामाला टांगतात, कवटीचा प्याला करतात, माणसाच्या हाताच्या कातडीनें बाणांचे भाते मढवितात. राजा मेला म्हणजे त्याचें पोट चिरून सुगंधी वनस्पती भरतात, पुन्हां शिवतात आणि तें प्रेत टोळीटोळींतून फिरवितात. मग त्याच्याबरोबर एक रखेली, प्यालेबरदार, आचारी, मोतद्दार आणि घोडे ठार करून पुरतात. प्रेतसंस्कारानंतर नमद्याच्या लहानशा तंबूंत तापलेल्या दगडांवर भांगेचें बीं टाकून त्या धुरांत आनंदानें ओरडतात. पुढील काळांतील कित्येक पंडितांना हें सारें अतिशयोक्त वाटलें. हिरोडोटसला इतिहासाचा जनक म्हणणारे जसे होते, तसे थापाड्या म्हणणारेहि होते.

या वादाचा निकाल लागला तो जमिनीखालीं. शक राजांच्या थडग्यांवर मातीचे किंवा दगडांचे मोठे उंचवटे रचलेले असत. त्यांना कुर्गान म्हणतात. सैबेरियांतील कुर्गान फोडून सोनें वितळवून विकण्याचा धंदा कित्येक वर्षें चालला होता. रशियाचा सम्राट पीटर यानें १८ व्या शतकाच्या आरंभीं अशा वस्तु सरकारांत जमा करविल्या, म्हणून त्यांतल्या कांहीं वांचल्या. १८३० सालीं क्रिमियांत केर्च गांवाजवळ कुल-ओबा येथें एक थडगें उघडलें गेलें. त्यांत मिळालेल्या लहानशा सुवर्णपात्रावर शक पुरुषांचीं चित्रें आहेत. एक जण धनुष्याला दोरी चढवीत आहे, एक सोबत्याच्या जखमी पायाला पट्टी बांधीत आहे, आणि एक जण दुसऱ्याच्या तोंडांत बोट घालून दुखरा दांत तपाशीत आहे. ज्यांची आपण केवळ कवट्यांच्या प्याल्यांशीं सांगड घातली होती, त्यांची ही पहिली घरगुती भेट.

सर्वांत बोलकी साक्ष अल्ताई पर्वतांतील पाझिरीक येथें मिळाली. तेथील पहिलें मोठें थडगें १९२९ सालीं ग्र्याझ्नोव्ह यांनीं खणलें, आणि १९४७ ते १९४९ या काळांत रुदेन्को यांनीं आणखी चार मोठीं थडगीं उघडलीं. जुन्या काळींच चोरांनीं त्यांत भोंक पाडून सोनें पळविलें होतें. पण त्यांच्या वाटेनें पाणी आंत झिरपलें आणि तें गोठून बर्फ झालें. वरच्या दगडांच्या ढिगानें तें पुन्हां वितळूं दिलें नाहीं. त्यामुळें जें इतरत्र कधींच टिकत नाहीं, तें सारें तेथें सुमारें तेवीसशें वर्षें जसेंच्या तसें राहिलें: लोकर, नमदा, लांकूड, कातडें, घोड्यांचीं धडें आणि माणसांचीं शरीरें. चोरांनीं सोनें नेलें आणि इतिहास मागें ठेवला.

आतां हिरोडोटसचीं विधानें एकेक तपासूं. प्रेतांचीं पोटें चिरून, आंत वनस्पती भरून पुन्हां शिवलेलीं सांपडलीं. घोडे मारून शेजारीं पुरलेले सांपडले. दुसऱ्या थडग्यांत लहान तंबूच्या काठ्या, दगडांनीं भरलेलें तांब्याचें भांडें आणि त्यांत जळकें भांगेचें बीं सांपडलें. राहिली माणसाच्या कातडीची गोष्ट. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दक्षिण युक्रेनमधील थडग्यांतून मिळालेल्या चामड्याचे ४५ नमुने प्रथिनांच्या परीक्षेनें तपासले गेले. बहुतेक मेंढ्या, बकऱ्या, गुरें आणि घोडे यांचे निघाले. दोन नमुने माणसाच्या कातडीचे निघाले. तेव्हां हिरोडोटस थापाड्या नव्हता, हें मान्य केलें पाहिजे. शकांची बाजू मांडणारानेंहि हा पुरावा लपवितां कामा नये.

परंतु साक्षीदार खोटें बोलला नाहीं, याचा अर्थ त्यानें सर्व सांगितलें असा होत नाहीं. त्याच पाझिरीकच्या थडग्यांत रंगीत नमद्यांचे शिवलेले हंस आहेत. खोगिरांवर गरुडमुखी सिंह आणि हरणें आहेत. घोड्याच्या तोंडावर चढविलेला सांबरशिंगांचा मुखवटा आहे. एका पुरुषाच्या दंडांवर, छातीवर आणि पायावर कल्पित पशूंचें असें गोंदण आहे कीं, आजच्या चित्रकारानेंहि थांबून पाहावें. चीनचें भरतकाम केलेलें रेशीम आहे. सुमारें दोन मीटर लांबीरुंदीचा एक गालिचा आहे. त्याच्या दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ३६ गांठी आहेत, आणि अशा विणीच्या अखंड राहिलेल्या गालिच्यांत तो जगांत सर्वांत जुना मानला जातो. चीन आणि इराण यांमधील दुवा हे 'रानटी' लोकच होते. रेशमाचा व्यापारी मार्ग पुढें प्रसिद्ध झाला, त्याच्या कित्येक शतकें आधीं त्या वाटा यांच्या घोड्यांनीं मळल्या होत्या.

१९७१ सालीं युक्रेनमध्यें तोव्स्ता मोहिला या कुर्गानांत मोझोलेव्स्की यांना एक सुवर्णहार सांपडला. वजन एक किलोहून अधिक. काम ग्रीक कारागिरांच्या हातचें, पण पसंती शक राजाची. हाराच्या खालच्या पट्टींत गरुडमुखी सिंह घोड्यांना फाडीत आहेत. मधल्या पट्टींत वेलीफुलें आहेत. वरच्या पट्टींत दोन पुरुष मेंढीच्या कातड्याचा सदरा हातीं धरून बसले आहेत, शेजारीं मेंढीचें दूध काढणें चालू आहे, वासरूं गाईला लुचत आहे आणि शिंगरूं घोडीला. ग्रीक ग्रंथांत रक्ताचें वर्णन आहे. शकानें स्वतःच्या गळ्यांत घालण्यासाठीं जें चित्र करविलें, त्यांत रक्त खालीं आहे आणि दूध वर आहे. लिहितां न येणाऱ्या माणसाची कैफियत याहून स्पष्ट काय असावयाची?

थडग्यांनीं आणखीहि कांहीं समजुती बदलल्या. लढणाऱ्या स्त्रियांच्या ग्रीक कथा आपण दंतकथा समजत होतों. स्टेपवरील कित्येक स्त्रियांच्या थडग्यांत धनुष्यें, बाण आणि भाले निघाले. तूवा प्रांतांत १९८८ सालीं धनुष्य, भाता आणि कुऱ्हाड यांसह पुरलेलें सुमारें तेरा वर्षांचें एक मूल सांपडलें होतें. साहजिकच त्याला मुलगा मानलें गेलें. २०२० सालीं जनुकांच्या तपासणीनें ती मुलगी ठरली. तसेंच सगळेच शक भटके होते, हेंहि खरें नाहीं. नांगर धरणाऱ्या शकांचा उल्लेख खुद्द हिरोडोटसनें केला आहे, आणि युक्रेनमधील बिल्स्क येथें त्या काळचा तीस किलोमीटरांहून अधिक लांबीचा तट आजहि दिसतो.

पश्चिमेकडची साक्ष झाली. आतां याच गवताच्या पट्ट्याच्या पूर्व टोंकाकडे वळूं. तेथें चीनच्या सरहद्दीवर शियोंग्नू नांवाची भटकी सत्ता होती. तिचे लोक शक नव्हेत. पण राहणी तीच. इ. स. पूर्व २०९ मध्यें मोडू नांवाच्या पुरुषानें त्या टोळ्या एकत्र केल्या, आणि इ. स. पूर्व २०० मध्यें त्यानें चीनच्या हान घराण्याच्या संस्थापकाला सात दिवस वेढ्यांत कोंडलें. त्यानंतर चीनला राजकन्या, रेशीम आणि धान्य पाठवून शांतता विकत घ्यावी लागली. ही हकीकत लिहिणारा सिमा चियान हा हान दरबाराचाच इतिहासकार. पण त्यानें एक थोर गोष्ट केली: शत्रूची बाजूहि लिहून ठेवली. झोंगहांग युए नांवाचा एक चिनी खोजा राजकन्येबरोबर सक्तीनें पाठविला गेला, आणि तो शियोंग्नूंनाच मिळाला. त्यानें आपल्या नव्या धन्याला दिलेला सल्ला सिमा चियान नोंदवितो. तुमची संख्या चीनच्या एका सुभ्याइतकीहि नाहीं. तुमचें बळ तुमच्या वेगळ्या राहणींत आहे. चिनी रेशीम नेसून कांटेरी झुडपांतून घोडा घाला, तें फाटेल. मग कळेल कीं नमदा आणि कातडें यांहून तें चांगलें नव्हे. दारांत आलेल्या चैनीच्या मालानें परावलंबन येतें, हा इशारा त्यानें बावीसशें वर्षांपूर्वीं दिला.

याच शियोंग्नूंच्या धक्क्यानें इतिहासाचा एक मोठा लोंढा सुटला, आणि त्याच्या लाटा आपल्या सह्याद्रीपर्यंत आल्या. इ. स. पूर्व १७६ च्या सुमारास त्यांनीं पश्चिमेकडील युएची लोकांचा पराभव केला. युएची मागें हटले ते मध्य आशियांतील शकांच्या कुरणांवर आले. शक दक्षिणेकडे सरकले. इराणच्या पूर्वेस ते जेथें वसले त्या प्रदेशाला शकस्तान म्हणूं लागले. आजचें सिस्तान तें हेंच. तेथून सिंधूच्या खोऱ्यांत, मग तक्षशिलेंत मोग राजाच्या अमलाखालीं, आणि पुढें सौराष्ट्र, माळवा व उत्तर कोंकण येथें क्षत्रप म्हणून ते नांदले. एका कुरणावरून हुसकलेल्या टोळीनें दुसरीला ढकललें, आणि कांहीं शतकांनीं त्याचा परिणाम नाशिकच्या डोंगरावर कोरला गेला.

नाशिकजवळच्या त्रिरश्मि डोंगरावरील, म्हणजे पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात, अर्थात् ऋषभदत्त, याचे लेख आहेत. तो स्वतःस शक म्हणवितो. आणि तो सांगतो काय? तीन लाख गाईंचें दान, देवब्राह्मणांना सोळा गांवें, भडोच आणि सोपारा यांसारख्या ठिकाणीं धर्मशाळा, तापी, दमणगंगा आणि डहाणूची नदी यांवर प्रवाशांसाठीं मोफत होड्या, बौद्ध भिक्षूंसाठीं हें लेणें, आणि त्यांच्या वस्त्रांसाठीं तीन हजार कार्षापणांची ठेव. ही ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली; एकीकडे दोन हजार दरमहा शेंकडा एक व्याजानें, दुसरीकडे एक हजार दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. ज्यांच्या पूर्वजांनीं शेत आणि शहर नाहीं म्हणून अभिमान बाळगला, त्यांचा वंशज येथें व्याजाचा दर दगडावर कोरवून ठेवतो! ज्या लोकांची कैफियत आपण शोधीत होतों, त्यांतल्या एकानें ती अखेर आपल्या महाराष्ट्रांत, आपल्या तोंडानें दिली.

त्याच डोंगरावर तिसऱ्या लेण्यांत दुसरा लेख आहे. गौतमी बलश्री या राजमातेनें, नातू पुळुमावि याच्या १९ व्या राज्यवर्षीं, आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णि याचें गुणगान त्यांत कोरविलें. शक, यवन आणि पल्हव यांचा नाश करणारा, क्षहरातांचा वंश निर्मूळ करणारा, असें त्याचें वर्णन आहे. नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा सांठा मिळाला. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप पुन्हां मारलेला आहे. तेव्हां विजय खराच होता. हातभर अंतरावर फिर्याद आणि जबाब दोन्ही वाचावयास मिळतील, असें ठिकाण जगांत विरळा.

आणि गोष्ट येथेंहि संपली नाहीं. शकांच्या दुसऱ्या घराण्यांतील महाक्षत्रप रुद्रदामन् यानें इ. स. १५० मध्यें जुनागडच्या खडकावर लेख कोरविला. संस्कृत गद्यांतला तो पहिला मोठा शिलालेख. आपण दक्षिणापथाच्या सातकर्णीचा दोनदां पराभव केला, पण जवळच्या नात्यामुळें त्याचा उच्छेद केला नाहीं, असें तो सांगतो. कान्हेरीच्या लेखावरून कळतें कीं, महाक्षत्रपाची एक कन्या सातवाहनांच्या घरीं सून म्हणून आली होती. जुनागडच्या लेखांतील वर्ष आहे ७२. तें मोजलें आहे इ. स. ७८ पासून, म्हणजे आपण आजहि पंचांगांत मोजतों त्याच शकानें. क्षत्रपांनीं ही गणना कित्येक पिढ्या चालविली, आणि पुढें शतकांनंतर तिला त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या, सातवाहनांच्या स्मृतींतून आलेलें शालिवाहनाचें नांव जडलें. 'शालिवाहन शक' या दोन शब्दांत जेता आणि जित असे दोघेहि शेजारीं बसले आहेत, आणि आपण रोज दोघांचेंहि नांव घेतों.

हा सारा विचार केवळ कुतूहलाचा असता तर मीं आपला इतका वेळ घेतला नसता. भटका तो मागासलेला, त्याला एका जागीं बसविल्याखेरीज त्याचें कल्याण नाहीं, ही समजूत विसाव्या शतकांतहि सत्ताधाऱ्यांच्या मनांत होती. १९३० ते १९३३ या वर्षांत सोव्हिएट सरकारनें कझाक भटक्यांचे कळप काढून घेतले आणि त्यांना सक्तीनें एका जागीं बसविलें. त्यांतून आलेल्या दुष्काळांत सुमारें पंधरा लाख माणसें मेलीं. त्यांत बहुसंख्य कझाक होते. ज्या भूमींत तीन हजार वर्षांपूर्वीं माणसानें गवतावर जगण्याची विद्या साधली, तेथेंच ती विद्या अडाणीपणा ठरविली गेली. आपल्या देशांतहि १८७१ च्या कायद्यानें कित्येक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि तो १९५२ सालापर्यंत पुसला गेला नाहीं.

१९९३ सालीं अल्ताईंतील उकोक पठारावर पोलोस्माक यांना बर्फांत जपलेली एक गोंदलेली स्त्री सांपडली. तिच्यासोबत सहा घोडे पुरलेले होते. तिला परगांवीं नेलें तेव्हां अल्ताईच्या लोकांनीं तिच्यावर आपला हक्क सांगितला, आणि २०१२ सालीं ती त्यांच्या प्रांतांत परत आणली गेली. वाडवडिलांच्या थडग्यांना हात लावा म्हणजे आम्ही काय करतों तें दिसेल, या जुन्या उत्तराचीच ही सौम्य आवृत्ति म्हणावी.

एखाद्या लोकसमूहास आपण रानटी म्हणतों तेव्हां तो निकाल कोणाच्या साक्षीवर दिला, हें एकदां तपासून पाहावें. शक क्रूर होते. त्यांना जिंकणारे आणि त्यांच्याविषयीं लिहिणारेहि त्या काळच्या मानानें कमी क्रूर नव्हते. फरक एवढाच कीं, एकांजवळ लेखणी होती आणि दुसऱ्यांजवळ नव्हती. ज्यांनीं लेखणी हातीं धरली नाहीं त्यांचें म्हणणें कधीं बर्फांत, कधीं सोन्याच्या हारावर, तर कधीं नाशिकच्या एखाद्या लेण्याच्या भिंतीवर सांपडतें. तें शोधून वाचणें हेंच इतिहासाचें काम आहे.